आईपप्पा दीड वर्षासाठी युगांडाला निघालेत, थांबवू का?

प्रश्न : ताई, माझं माहेर मिरज, सासर सांगलीत विश्रामबागला. पप्पा एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेत, वय ६६, आई ६३ ची, सगळी नोकरी नर्स म्हणून केली. आता चर्चमधल्या ओळखीतून दोघं दीड वर्षासाठी युगांडाला एका मिशनच्या दवाखान्यात सेवेला निघालेत, आई तिथल्या पोरींना नर्सिंग शिकवणार आणि पप्पा जनरेटर न गाड्या बघणार. पगार नाही, तिकीटपण स्वतःचं. आईला शुगर आहे, गोळ्या चालू आहेत. मी विषय काढला की पप्पा म्हणतात प्रभूनं पाचारण केलंय, मग त्याच्यापुढं मी काय बोलणार? भाऊ पुण्यात, तो म्हणतो जाऊ दे. नातेवाईक म्हणतात ह्या वयात हे काय खूळ. माझा मुलगा चार वर्षांचा, त्याला बालवाडीतून आईच आणते. रात्र रात्र झोप लागंना झालीय. काय करू?
– एक मुलगी, सांगली

उत्तर : तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि एक गोष्ट खटकली. पप्पा काय म्हणतात ते आहे, भाऊ काय म्हणतो ते आहे, नातेवाईकांचं पण आहे, आईचं एकही वाक्य नाही. म्हणून थांबवायचं का नाही हे राहू दे बाजूला, आधी आईला एकटीला गाठ. पप्पा उपासनेला नाहीतर बाजारात गेले असतील तेव्हा जा, भाजी निवडत बसा दोघी, आणि सरळ विचार की आई तुला जायचंय का, का पप्पा निघालेत म्हणून तू निघालीयस? आपल्याकडं नवऱ्याचा निर्णय तोच बायकोचा असं धरून चालतात, अगदी सेवेच्या बाबतीतसुद्धा, आणि मग परक्या मुलखात तिसऱ्या महिन्यात त्या बाईचं मन उडतं तेव्हा ते कुणाला सांगायची सोय राहत नाही. ती कचरली तर आधी दोन-तीन महिनेच जाऊन बघा असं पाळकसाहेबांसमोर बसून ठरवता येईल. पण ती मनापासून हो म्हणाली तर मात्र तू आडवी येऊ नकोस, कारण खरं बघितलं तर तिथं जास्त गरज तिचीच आहे, अख्ख्या नोकरीत हाताला आलेलं काम ती दुसऱ्या पोरींच्या हातात देणार आहे.

आणि खूळ म्हणणाऱ्यांना मिरजेत राहून असं म्हणवतं तरी कसं मला कळत नाही. कॅनडात जन्मलेल्या डॉ. वॉनलेस यांनी १८९४ साली मिरजेत मिशन हॉस्पिटल उभं केलं, त्याच्यावर ह्या गावाची दवाखान्यांचं गाव म्हणून ओळख झाली, तेव्हा बोटीनं यायचे लोक आणि घरचं पत्र यायला आठवडेच्या आठवडे जायचे. त्यांच्याही मागं घरची माणसं असणारच ना गं.

आता काळजी कुठं करायची ते सांगते. पहिलं म्हणजे यलो फीवरची लस. युगांडात जायला तिचं सर्टिफिकेट लागतं, आणि परत येताना ते नसेल तर आपल्याकडं सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवतात. लस निघायच्या किमान १० दिवस आधी, सरकारनं ठरवलेल्या सेंटरवरच घ्यायची, एकदा घेतली की सर्टिफिकेट जन्मभर चालतं. पण साठीच्या पुढं ही लस पहिल्यांदा घेताना गंभीर त्रास व्हायची शक्यता वाढते, म्हणून तिकीट काढायच्या आधी दोघांना डॉक्टरांकडं ने, आईची शुगर आणि सगळ्या गोळ्या दाखव, त्यांनी नको म्हटलं तर तिथं पाचारण मध्ये आणायचं नाही. मलेरिया तिथं बारा महिने असतो, त्याच्या गोळ्यांचं पण तेव्हाच विचार. शुगरच्या गोळ्या हातातल्या बॅगेत ठेवायच्या, सोबत चिठ्ठी, त्यावर कंपनीचं नाही तर औषधाचं मूळ नाव लिहून घ्या.

पेन्शन पीएफची असेल तर हयातीचा दाखला दिल्यापासून वर्षभर चालतो, म्हणजे निघायच्या तोंडावर दिला तरी दीड वर्षात एकदा संपणारच, तेव्हा तिकडून कसा द्यायचा ते आत्ताच बँकेत विचारून ठेवा. व्हिसा सेवेच्या कामाचाच काढा, टुरिस्ट व्हिसावर कुणी चला म्हणालं तर नाही म्हणा. कंपालामध्ये भारताचं हायकमिशन आहे, पोचल्यावर तिथं नाव नोंदवायचं. खाण्याचं फार मनावर घेऊ नको, नाचणी मुळात त्याच भागातली, आजही तिथं पिकते.

सगळ्यात अवघड प्रश्न कुणीच विचारत नाही. तिकडं दोघांपैकी एकाचं काही झालं तर? माती तिथंच द्यायची का मिरजेला आणायचं, आणायचं तर खर्च कोण करणार, संस्था का घरचे, आणि मागं राहिलेलं माणूस लगेच परत येणार का मुदत पूर्ण करणार? तू आणि भाऊ दोघांनी समोर बसून हे विचारा आणि त्यांच्या हातानं लिहून घ्या. अशुभ वगैरे काही नाही त्यात. संस्थेकडून पण लेखी घ्या, आजारपणाचा विमा कुणी काढायचा आणि अर्ध्यातून यावं लागलं तर तिकिटाचे पैसे कुणाचे. लेखी द्यायला कुणी टाळाटाळ केली तर मात्र मी स्वतः म्हणेन की जाऊ नका.

राहिली बालवाडी. ते वाक्य तू घाईत लिहिलंयस पण मला वाटतं तुझी झोप अर्धी तिथंच गेलीय. त्यात लाज वाटायचं काही नाही, आईची गरज तुलाच आहे आणि ती चार वर्षं रोज तुझ्यासाठी उभी राहिली हे तू तिला जायच्या आधी तोंडानं सांग. पण तिला थांबवायचं कारण म्हणून ते पुढं करू नकोस. पोराला आणायला एखादी बाई आत्तापासूनच बघ, महिनाभर तिला आईसोबत जाऊ दे म्हणजे त्याला परकं वाटणार नाही, आणि व्हिडिओ कॉलची वेळ ठरवून टाका, युगांडा आपल्या अडीच तास मागं आहे, त्याची जेवायची रात्रीची आठची वेळ म्हणजे आजीचे संध्याकाळचे साडेपाच, तेव्हा तीपण दवाखान्यातून आलेली असेल.