घराण्याच्या वंशावळीसाठी कबरींवरची नावं टिपायला पहिल्यांदा जाणार असाल तर

घरातलं कोणीतरी वयस्कर माणूस सोबत न्याच, कारण दगडावर नाव आणि दोन तारखा एवढंच असतं, बाकी सगळं त्यांच्या डोक्यात. त्यांना सांगून मोबाईलवर रेकॉर्डिंग चालू ठेवा आणि प्रश्नांचा भडिमार करू नका, कबरीसमोर उभं राहिलं की आपोआप एकेक आठवायला लागतं.

अक्षरं पुसट झाली असतील तर खडू, शेव्हिंग फोम, तारेचा ब्रश, ब्लीच असलं काही लावायचं नाही, नेटवर कितीही लोक सांगू देत, दगड कायमचा खराब होऊ शकतो. त्यापेक्षा सकाळी लवकर नाहीतर संध्याकाळी जा, तिरक्या उन्हात कोरलेल्या अक्षरांना सावली येते आणि दुपारी अजिबात न दिसणारं नाव फोटोत चक्क वाचता येतं (ऊन नसेल तर टॉर्च बाजूने धरा). शेजारच्या कबरींचेपण फोटो काढा, लहानपणीच गेलेली मुलं, ज्यांचं घरात कोणी नावही घेत नाही, ती बऱ्याचदा तिथेच सापडतात.

तारखांवर मात्र डोळे झाकून विश्वास नको, दगड कधीकधी खूप वर्षांनी बसवलेला असतो, मृत्यूच्या नोंदीशी ताडून बघा. आणि फोटोंना नावं त्याच रात्री द्या, नंतर कुठला कोणाचा काही कळत नाही.