अपघातात प्लीहा फाटली, क्लेम मात्र ‘आजार’ म्हणून नाकारला

प्रश्न : आरोग्य विमा सुरू होऊन १९ दिवस झाले होते. कुत्रं आडवं आलं आणि कराडजवळ ह्यांची मोटारसायकल घसरली. हँडल पोटात बसलं, प्लीहा फाटली, ऑपरेशन करून काढावी लागली. बिल सव्वातीन लाख. ‘पहिल्या ३० दिवसांतला आजार’ म्हणून कंपनीने क्लेम नाकारला. हॉस्पिटलवर केस करू का?

उत्तर : ताई, केस आत्ता नको. ज्यांच्याशी भांडायचं म्हणताय, त्यांच्याकडूनच तुम्हाला एक कागद हवा आहे.

तुम्ही पाठवलेला क्लेम फॉर्म बघा. त्यातला दुसरा भाग हॉस्पिटल भरतं. मुख्य निदानासमोर डी७३.५ असा कोड आहे. आयसीडी-१० मध्ये, म्हणजे आजार-इजांच्या आंतरराष्ट्रीय कोडयादीत, हा गट प्लीहेच्या आजारांचा. मार न लागता फाटलेली प्लीहाही त्यातच धरतात. माराने फाटली तर कोड एस३६.०, आणि अपघाती इजा डी७३.५ मध्ये धरू नये, अशी टीपही तिथेच आहे. बहुधा बिलिंगवाल्याने कॉम्प्युटरवर ‘स्प्लीन रप्चर’ (प्लीहा फाटणं) शोधलं आणि चुकीची ओळ निवडली. त्याच पानावर ‘इजा असल्यास कारण’ विचारलंय. तिथली रस्ता अपघाताची चौकट कोरी आहे! कंपनीने त्यापुढे काही वाचलेलं दिसत नाही.

३० दिवसांची अट अपघाताला लागू होत नाही. पॉलिसीतलं तेच कलम शेवटपर्यंत वाचा, अपघाताचा अपवाद तिथेच सापडेल.

आता हॉस्पिटलला लेखी अर्ज द्या, पोच घ्या. केसपेपर, सीटी स्कॅनचा रिपोर्ट, ऑपरेशन नोट आणि काढलेल्या प्लीहेचा पॅथॉलॉजी रिपोर्ट मागा. मागणी केल्यापासून ७२ तासांत रेकॉर्ड देण्याचं बंधन मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांत आहे. पॅथॉलॉजी रिपोर्ट विसरू नका. प्लीहा मलेरियाने किंवा आणखी कशाने आधीच सुजलेली होती, असा मुद्दा कंपनी उद्या काढू शकते, त्याचा निकाल याच रिपोर्टवरून लागेल. सोबत सर्जनच्या सहीशिक्क्याचं दुरुस्तीपत्र घ्या : अपघात कसा झाला, योग्य कोड कोणता, आधीचा चुकून पडला. त्यावर आजचीच तारीख हवी. जुन्या फॉर्मवर खाडाखोड किंवा मागच्या तारखेची नवी डिस्चार्ज समरी, कुणी कितीही आपुलकीने सुचवली तरी नको. चांगला क्लेम बनावट ठरायला तेवढं पुरतं. एमएलसी (मेडिको-लीगल केस, म्हणजे पोलिसांना कळवायच्या प्रकरणाची) नोंद झाली असेल तर तिची प्रत जोडा. नसेल तर कॅज्युअल्टीतला पहिला कागद, ज्यावर ‘बाइकवरून पडले’ लिहिलंय, तो सोन्यासारखा जपा.

हे सगळं कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला पाठवा. एक महिन्यात उत्तर आलं नाही किंवा पुन्हा नकार आला, तर विमा लोकपालाकडे, म्हणजे विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी सोडवणाऱ्या अधिकाऱ्याकडे जा. त्यांचं पुण्यातही कार्यालय आहे. नकारानंतर एक वर्षाची मुदत, ५० लाखांपर्यंतची मर्यादा, फी नाही आणि वकीलही चालत नाही. म्हणजे माझी गरज नाही, आणि तुमच्या प्रकरणात ती पडेल असं मला वाटतही नाही. तक्रार पॉलिसीधारकाच्या नावाने करावी लागते. पॉलिसी ह्यांच्या नावावर असेल तर सही त्यांचीच घ्या.

ग्राहक आयोगाची मुदत दोन वर्षांची आहे, तो रस्ता राखून ठेवा. हॉस्पिटलने दुरुस्तीपत्र द्यायलाच नकार दिला, तर मात्र तिथे कंपनीबरोबर त्यांनाही प्रतिवादी करू.