नाशिकहून पोरांना न सांगता थीम पार्कला कसं न्यायचं?

तुम्ही लिहिलंय की दिवाळीच्या सुट्टीत बहिणीची आणि तुमची मिळून चार पोरं नाशिकला जमणार, वय 5 ते 13, आणि त्यांना काही कळू न देता डायरेक्ट थीम पार्कच्या गेटवर उभं करायचंय. आमच्या घरात असले उद्योग माझ्याच गळ्यात पडतात म्हणून जरा सविस्तर सांगते.

आधी एक ठरवा, कुठे जाणार ते लपवायचं, जाणार आहोत हे नाही. काहीच सांगितलं नाही तर पोरं त्यांचे त्यांचे बेत करून बसतात, मोठ्याची ग्राउंडवर मॅच असते, मधलीला मैत्रिणीचा किल्ला बघायला जायचं असतं, आणि ऐन थंडीत पहाटे उठवून चला गाडीत बसा म्हटलं की रडारड सुरू, आणि रडत गाडीत बसलेलं पोर कसारा घाटात उलटी करणारच. त्यामुळे दोन दिवस बाहेर जातोय, रात्री राहायचंय, बूट घालायचे, एवढं चार दिवस आधीच सांगून टाका. कुठे विचारलं तर पप्पांच्या मित्राची पनवेलला वास्तुशांत आहे म्हणा. कारण असं द्या की कोणाला इंटरेस्टच वाटायला नको. चुकूनही वणी किंवा त्र्यंबक म्हणू नका, आजी सगळ्यात आधी तयार होऊन बसेल.

ठिकाण म्हणाल तर मिक्स वयाच्या पोरांसाठी इमॅजिकाच, खोपोलीजवळ. घरातली मोठी माणसं अजून एस्सेल वर्ल्ड एस्सेल वर्ल्ड करतील पण 1989 पासून गोराईला असलेलं ते पार्क 2022 ला बंद झालंय, तो विषय संपला. इमॅजिका 2013 ला सुरू झालं, वॉटर पार्क नंतर आलं आणि त्याचं तिकीट वेगळं असतं हे बुकिंग करताना बघा.

आता उंची. पार्कात वय कोणी विचारत नाही, राइडच्या तोंडाशी उंचीची खूण असते आणि तिथला माणूस पोराला त्याला लावून उभं करतो, बसला तर बसला, नाहीतर बाजूला. कितीही विनवण्या करा, सेफ्टीचं कुलूप त्या उंचीच्या हिशोबानेच बनवलेलं असतं त्यामुळे तो ऐकणार नाही आणि ऐकूही नये. म्हणून घरीच मोजून घ्या, दिवाळीच्या ड्रेसचं माप घेतोय म्हणून सांगा. बूट काढून दाराच्या चौकटीला टाच टेकवून उभं करायचं, केसांचा फुगा दाबायचा, डोक्यावर कंपासपेटी आडवी धरायची आणि पेन्सिलने खूण. धाकटा हमखास टाचा उचलतो, खाली वाकून बघा. मग पार्कच्या वेबसाइटवर राइडवार उंची दिलेली असते तिच्याशी ताडून बघा कोण कशात बसतंय. तिकीटसुद्धा लहान-मोठं उंचीवरच ठरतं.

हे घरी केलं की पार्कात दोन टीम करता येतात. तेरावाल्याबरोबर एक धीट मोठा माणूस (तो मामा असेल तर उत्तम, मामाला नाही म्हणता येत नाही), त्यांना सरळ नायट्रो या रोलर कोस्टरकडे पाठवा. 40 मीटर उंच, ताशी 105 किमी वेग, पाच वेळा उलटं करते आणि पायाखाली फळीच नाही, पाय लोंबकळत. पाचवाल्याला टब्बी नावाच्या हत्तींच्या राइडमध्ये आणि कॅरोसेलवर (गोल फिरणारे घोडे) न्या. नऊ वर्षांची पोरगी मधे लटकते, तिला राजासौरस डायनासोरची बोट राइड आवडेल, थोडं भिजायला होतं. तिला आधीच सांगून ठेवा की हा डायनासोर सिनेमावाल्यांनी बनवलेला नाही, खरंच गुजरातमध्ये याची हाडं सापडली आणि 2003 मध्ये त्याला राजासौरस नर्मदेन्सिस नाव दिलं. नऊ वर्षांच्या पोरांना असली माहिती मिळाली की रांगेत पुढच्या-मागच्यांना सांगत बसतात, तुमची अर्धी रांग निघून जाते.

गुपित फुटतं ते फोनवरून. बुकिंगचा मेसेज वरून टपकतो तेव्हा फोन गेम खेळणाऱ्या पोराच्या हातात असतो. बुकिंग अशा माणसाच्या फोनवरून करा ज्याच्या फोनला पोरं हात लावत नाहीत, आजोबांचा चालेल. फॅमिली ग्रुपवर काहीही टाकू नका, मोठ्यांचा वेगळा ग्रुप काढा. आणि तेरावाल्याला सरळ कटात घ्या, त्याला तसंही मॅपवर कळणारच आहे, आणि कटात घेतलं की तो स्वतःच धाकट्यांना पनवेलच्या काकांच्या खोट्या गोष्टी रंगवून सांगेल.

दिवस निवडताना भाऊबीज आणि त्याला जोडून आलेला शनिवार-रविवार टाळा, मंगळवार ते गुरुवार बघा. रस्ता साधारण दोनशे किमीचा आहे. जून 2025 पासून समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा चालू झालाय, त्यामुळे घोटीच्या पुढे समृद्धीला लागलात तर कसारा घाट न उतरता बोगद्यातून भिवंडीच्या बाजूला निघता, ज्यांना घाटात गाडी लागते त्यांच्यासाठी सोनंच. पण पुढे भिवंडी, मुंब्रा बायपास, पनवेल हा पट्टा ट्रकचा आहे, तिथे वेळ जातो, म्हणून नाशिक अंधारातच सोडा. काही जण शहापूरहून मुरबाड-कर्जतवरून खोपोली गाठतात, तो रस्ता हायवेएवढा रुंद नाही पण शहराची गर्दी चुकते. गाडी नसेल तर पंचवटी एक्सप्रेसने कल्याण आणि तिथून कर्जत-खोपोली लोकल, मग रिक्षा, पण चार पोरं आणि बॅगा घेऊन मी तरी गाडीच बघेन.

बाहेरचं खाणं आत चालत नाही, पोटभर नाश्ता रस्त्यात करून घ्या आणि चिवड्याचा डबा गाडीतच राहू द्या, संध्याकाळी लागतो. त्याच रात्री परत यायचा हट्ट करू नका, खोपोली-लोणावळ्याला राहा आणि दुसऱ्या दिवशी जमलं तर वॉटर पार्क. त्याला नायलॉनचा कॉस्च्युम लागतो, कॉटनचे टीशर्ट-बर्मुडा घालून पाण्यात सोडत नाहीत. आणि कॉस्च्युम पोरांच्या बॅगेत भरू नका, मोठ्यांच्या बॅगेत तळाला, वास्तुशांतीला कॉस्च्युम कशाला हा प्रश्न नववाली विचारेलच.

गेटवर डोळ्यांना रुमाल बांधणे वगैरे नाटकं नकोत, गर्दीत पोर धडपडतं. मुंबई-पुणे एक्सप्रेसवेला लागलात की इमॅजिकाचे बोर्ड यायला लागतात. आपण काही बोलायचं नाही, गाणी बंद करायची, वाचता येणाऱ्या पोराला खिडकीशी बसवायचं बस. ते स्वतः वाचून ओरडलेलं जास्त भारी.

बजेट नसेल किंवा दोन दिवस मिळत नसतील तर शिर्डीचं वेट एन जॉय वॉटर पार्क बघा, नाशिकहून सकाळी निघून रात्री घरी. तिथे थाप सुद्धा मारावी लागत नाही, दर्शनाला चाललोय म्हणा. फक्त दर्शन खरंच आधी करून घ्या, पाण्यातून निघालेली पोरं परत रांगेत उभी राहत नाहीत आणि आजी मग वर्षभर ऐकवते.