मॅडम, गेम तर संपला

समुपदेशनासाठी आलेल्या एका बाईंनी खुर्चीत बसायच्या आधीच विचारलं, "मॅडम, या वयात गेमचं व्यसन लागू शकतं का?"

त्यांना इथे नुसतं ताई म्हणते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. वय सत्तेचाळीस, काम हिशेब तपासनिसाचं. म्हणजे दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधायच्या आणि आपली एकही सापडू द्यायची नाही.

घडलं होतं एवढंच. मुलाच्या कन्सोलवर, म्हणजे गेम खेळायच्या यंत्रावर, एक गेम उघडा राहिला होता. ताईंनी तो सहज हातात घेतला आणि रात्री दोनला खाली ठेवला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पुन्हा बसल्या. "लाल गोटीला दोन काड्या चिकटवल्यात असा एक प्राणी आहे, आणि मी त्याला लाथा मारायला लावतेय. मुलगा बघेल म्हणून दार लावून घेतलं, मॅडम."

हा प्रश्न माझ्याकडे नेहमी येतो, फक्त एरवी आईबाप मुलांबद्दल विचारतात. त्यामुळे मी माझ्या ठरलेल्या वाटेनं निघाले. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणात, आयसीडी-११ मध्ये, गेमिंग डिसऑर्डर नावाची नोंद आहे. हे वर्गीकरण २०२२ पासून लागू झालं. त्यात मुख्यतः तीन गोष्टी बघतात: खेळण्यावरचा ताबा सुटलाय का, बाकी सगळ्यापेक्षा खेळ वरचढ झालाय का, आणि नुकसान दिसत असूनही तो चालूच आहे का. तेही साधारण १२ महिने तरी.

"रोज किती वेळ खेळता?"

"खेळत नाही."

"कधीपासून?"

"मागच्या मंगळवारपासून. संपला ना तो."

माझं पेन थांबलं. माझ्या कागदावर 'संपला' असं लिहायला रकानाच नव्हता. तरी सवयीनं सल्ला दिलाच, की घड्याळ लावून रोज अर्धाच तास खेळा. संपलेल्या गेमला वेळेची मर्यादा! ताईंनी मान डोलावली. तपासनीस बाई, पण माझी चूक काही दाखवली नाही.

ती मलाच रात्री अंथरुणावर सापडली. मग त्या आठवड्यात मी तो गेम आणवला. 'पिकुनिकू', २०१९ सालचा. तीन-चार तासांत आटोपतो. त्यातला पिकू, म्हणजे ती लाल गोटी, गुहेतून बाहेर येतो तर गावकऱ्यांना वाटतं राक्षस आला. पिंजऱ्यात टाकतात, मग तो निरुपद्रवी आहे हे कळल्यावर त्यानंच मोडलेला पूल त्याच्याकडून दुरुस्त करून घेतात. सनशाइन नावाचा एक शेठ फुकट पैसे वाटत फिरतो आणि बदल्यात गावातला कचरा उचलून नेतो. कचरा म्हणजे काय, तर गावाचं उभं मक्याचं पीक! हसत-खेळत चाललेल्या गोष्टीत हे येतं, आणि आपल्याला ते जरा उशिराच खटकतं.

कोडी म्हणावीत तर अगदी लहान. लागणाऱ्या वस्तू बहुतेक समोरच असतात. आपण फार विचार करत बसतो, शेवटी वैतागून कशाला तरी लाथ मारतो आणि उत्तर निघतं. तोंडून 'वा!' येत नाही, 'हात्तिच्या!' येतं. मला वाटतं या जातीच्या गेमची सगळी गोडी त्या हात्तिच्यात आहे. हुशारीची परीक्षा घेतल्यासारखं वाटत नाही, कुणीतरी प्रेमानं फजिती केल्यासारखं वाटतं.

आणि उड्यांच्या खेळांत एक छुपी माया असते, ती मला ताईंच्या मुलाच्या वयाच्या एका जाणकारानं सांगितली. अशा बऱ्याच गेममध्ये कडेवरून पाय सुटल्यानंतरही काही क्षण उडी मारायची मुभा ठेवलेली असते. सेकंदाला ६० चित्रं सरकत असतील तर त्यातली पाच-सहा, म्हणजे सेकंदाचा जेमतेम दहावा भाग. कार्टूनमध्ये कड्यापलीकडे हवेत धावत सुटणाऱ्या त्या कोयोटी नावाच्या लांडग्यासारख्या प्राण्यावरून याला 'कोयोटी टाइम' म्हणतात. खेळणाऱ्याला पत्ताही लागत नाही. त्याला वाटतं, आपणच वेळेवर उडी मारली.

पुढच्या भेटीत मी कागद बाजूला ठेवला आणि विचारलं, "सगळ्यात काय आवडलं?"

"बुजगावणं," ताई लगेच म्हणाल्या.

तिथं पिकूला पेन्सिलसारखी टोपी मिळते आणि तिनं बुजगावण्याचं तोंड रंगवायचं असतं. काय काढायचं ते आपल्यावर. "मी दोन टिंबं आणि एक वाकडी रेघ काढली. चित्रकलेत मी ढ. आणि चाललं, मॅडम! मी थांबून राहिले, शेरा कधी येतो म्हणून."

त्या काही वेळ बोलल्या नाहीत. मग हळूहळू निघालं. पाठवलेला प्रत्येक कागद शेरा मारून परत येतो. वर्षभरात हातात घेतलेलं एकही पुस्तक पुरं झालेलं नाही. एक ऑनलाइन कोर्स अर्ध्यावर पडलाय. कपाटाचा एकच कप्पा आवरून झालाय. गेम संपून नावांची यादी वर सरकायला लागली तेव्हा त्यांना रडू आलं होतं, आणि खरी भीती त्या रडण्याची वाटली होती.

"वाईट वाटलं का?"

"नाही हो. किती दिवसांनी काहीतरी पुरं झालं."

निघताना त्यांनी वेळ बघायला फोन काढला, तर पडद्यावर रंगीत गोळ्या जुळवायच्या गेमची सूचना: तुमचं आजचं बक्षीस वाट बघतंय. मी विचारलं, हा? "हा गेम नाही हो, हा असाच," ताई म्हणाल्या. हा 'असाच' दोन वर्षं चालू होता. जेवणाच्या सुट्टीत, झोपायच्या आधी, जागही येत नाही तोवर. याला शेवट नाही, पातळ्या हजारोंनी. जीव संपले की थांबा नाहीतर पैसे भरा. एक दिवस चुकला की रोज खेळल्याची साखळी तुटते. याची त्यांना कधी लाज वाटली नव्हती. दार लावून घेतलं ते त्या लाल गोटीसाठी.

आम्ही पुढचे दोन तास, म्हणजे दोन भेटी, त्या गोळ्यांवर घालवल्या. गेम काढून टाका असं मी सांगितलं नाही. सूचना बंद केल्या, आणि हात आपोआप फोनकडे गेला की आधी काय मनात आलं होतं ते एका ओळीत लिहायचं, एवढंच. बहुतेक ओळी उद्याच्या कामाबद्दलच्या होत्या. हा भाग लांबलचक आणि कंटाळवाणा आहे, तो इथे सांगत नाही.

ज्यांना हीच धास्ती आहे त्यांना मी आता वेगळं विचारते. तो गेम संपतो का? तुम्ही तो बंद केल्यावर तो तुम्हाला परत बोलावतो का? दोन रात्री जागल्या तर झोप बुडते, डोळे चुरचुरतात, आजार होत नाही. हां, ताई दर रात्री नवा छोटा गेम काढून बसल्या असत्या आणि सकाळचं काम टळत असतं, तर माझा सूर वेगळा असता.

मध्ये त्यांना कुणीतरी तसलाच छोटा म्हणून 'लिंबो' सुचवला. २०१० चा, सगळा काळा-करडा, त्यात लहान मुलगा पुन्हा पुन्हा वाईट तऱ्हेनं मरतो. तो त्यांनी दहा मिनिटांत बंद केला आणि सुचवणाऱ्याला चार शब्द सुनावले. इतरांना तो फार आवडतो, मलाही. पण छोटा असला म्हणून हलकाफुलका असतोच असं नाही.

शेवटच्या भेटीत मी मुलाबद्दल विचारलं. त्याला कधीच कळलं होतं म्हणे, सेव्ह केलेल्या फाइलवरून. काही बोलला नाही, फक्त दुसरा कंट्रोलर आणून ठेवला. पिकुनिकूत दोघांनी मिळून खेळायच्या वेगळ्या पातळ्या आहेत, दुसरा प्राणी केशरी.

"कुठवर आलात?"

"तिसरीतच आहोत अजून. तो मला लाथ मारून खाली पाडतो, मग मी त्याला पाडते. पुढं जाणार कधी?"