सात वाजले की अंगात येतं

"कालपर्यंत चांगला होता हो, मॅडम." कुत्र्यांच्या वागण्याबद्दल सल्ला देणं हे माझं काम. समोरचा माणूस एवढं म्हणाला की पुढचं वाक्य हल्ली मीच पुरं करते. कुत्रा साधारण आठ-दहा महिन्यांचा. संध्याकाळी अचानक घरभर उधळतो, सोफ्यावरून दिवाणावर, दिवाणावरून कुणाच्या तरी लेंग्यावर. दुसऱ्या दिवशी सकाळी हाक मारली तर भिंतीकडे तोंड करून पडून राहतो. वेड लागलंय का? डिप्रेशन आलं असेल का? गेल्या काही महिन्यांत हाच प्रश्न इतक्या घरांतून आला, की एका घराची गोष्ट लिहूनच टाकते. घर ओळखू येऊ नये म्हणून थोडे तपशील बदलले आहेत.

कोथरूडमधला तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. आई-बाबा दोघं नोकरीवाले, मुलगा सातवीत, आणि "कुत्रं आणाल तर मी गावाला जाईन" असं सांगून शेवटी कुठेही न गेलेल्या आजी. कुत्रा गावठी, ९ महिन्यांचा. नाव ढब्बू.

"एनर्जी फार आहे त्याच्यात," बाबा म्हणाले. "मी दमवतो. सकाळी तीन किलोमीटर माझ्याबरोबर पळतो, संध्याकाळी खाली तासभर बॉल. तरी सात वाजले की याच्या अंगात येतं. परवा माझ्या मनगटाला दात लावले."

"आणि मग?"

"मग काही नाही. सकाळी पुतळा. माझ्याकडे बघतही नाही. वॉचमननं 'बस' म्हटलं की बसतो! मी कोण?"

या शेवटच्या दोन शब्दांत सगळा अपमान होता. त्याकडे येतेच, पण आधी एक नियम. तरणा कुत्रा एकाएकी मलूल झाला तर माझ्याकडे यायच्या आधी व्हेटकडे जायचं. आपल्याकडे गोचीड ताप सर्रास आढळतो, आणि त्याची सुरुवात अशीच होते: खाण्यावरून मन उडतं, कुत्रा पडून राहतो, हिरड्या फिकट दिसतात. नुसता हात लावून ताप कळत नाही, कारण कुत्र्याचं अंग मुळातच १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं, आपल्या हाताला ते नेहमीच गरम लागणार. लंगडत असेल तर वाढत्या हाडांचं दुखणंही असू शकतं. मादी असेल तर पहिली हीट, म्हणजे पहिल्यांदा माजावर येणं, आणि त्यानंतरचे दोन-अडीच महिने लक्षात घ्यावे लागतात. पोटात पिल्लं नसतानाही काही जणी खेळणी कुशीत घेऊन रुसून बसतात. ढब्बूची रक्ततपासणी झाली, सगळं ठीक निघालं. मगच मी पुढची तारीख दिली.

आता तो वॉचमन. ब्रिटनमधल्या संशोधकांनी २०२० साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. अंधांसाठी मार्गदर्शक कुत्री म्हणून तयार होणारी पिल्लं त्यांनी पाच महिन्यांची असताना आणि पुन्हा आठ महिन्यांची असताना पाहिली. आठव्या महिन्यात, म्हणजे वयात येताना, ती सांभाळणाऱ्या माणसाचं 'बस' ऐकेनाशी झाली, परक्याचं मात्र ऐकत होती. ज्यांचं आपल्या माणसाशी नातं थोडं डळमळीत होतं, त्यांच्यात हे जास्त दिसलं. मी हे सांगितल्यावर आई हसून मुलाकडे बघायला लागल्या. मुलगा छताकडे.

खरं सांगायचं तर मीही तिथंच थांबणार होते. वयात येतोय, निघून जाईल, धीर धरा. पण शाळेत मुलांची समुपदेशक म्हणून दहा वर्षं काढल्यामुळे एक खोड राहिली आहे: वही घालून देते. "खाणं नको, फिरणं नको. आठवडाभर फक्त त्याची झोप लिहा."

काम मुलावर पडलं आणि त्यानं ते चोख केलं. ते पान माझ्याकडे अजून आहे. '१०:४० झोपला. १०:५२ कुरिअर. ११:१५ झोपला. ११:२० कुकर. ११:३० झोपला. ११:४५ मावशी फरशी पुसायला आल्या, उठवला. २:१० झोपला. २:२५ मी शाळेतून आलो, सॉरी.' सात दिवसांची बेरीज-भागाकार केला तर दिवसाला जेमतेम नऊ तास. या वयाच्या कुत्र्याला बारा-चौदा तास झोप सहज लागते, बऱ्याच जणांना त्याहून जास्त.

पुढच्या भेटीला मी घरीच गेले. हे आकडे नीट कसे मांडावेत याचा मनात विचार चालला होता. वाजले होते सातला दहा. ढब्बूनं पहिली फेरी मारली, कान मागे, शेपूट पोटाखाली, आणि बाबा सवयीनं बॉल घेऊन उठले. तेवढ्यात कोपऱ्यात वाती वळत बसलेल्या आजी वर न बघताच म्हणाल्या,

"पेंगुळलंय रे ते."

"काय?"

"पेंगुळलंय. तुझा मुलगा दिवेलागणीला काय करायचा, आठवतंय? नाच नाच नाचायचा आणि मग भोकाड. तेव्हा मी त्याला थोपटून निजवायची. तू याला चेंडू फेकतोयस."

बाबा बॉल हातात धरून तसेच उभे राहिले. मग हळूच म्हणाले, "म्हणजे मी दमलेल्यालाच दमवत होतो?"

माझ्या पर्समध्ये आकड्यांचा कागद होता. तो मी बाहेर काढलाच नाही. आपण ज्याला 'एनर्जी' म्हणतो ती कित्येकदा थकव्याची तार असते, ताणून ताणून झणझणणारी. आणि सकाळचा 'मूड' म्हणजे तीच तार सैल पडलेली असते. एकाच अपुऱ्या झोपेची ही दोन टोकं. मुलांच्या बाबतीत हे मी शेकडो आयांना सांगितलं होतं. कुत्र्याच्या बाबतीत आजींनी मला सांगितलं. (वही मी लिहायला लावली होती, एवढं श्रेय मात्र घेते.)

राहिला प्रश्न जागेचा. ढब्बूचं अंथरूण बाल्कनीत होतं, दार लावून. मूल आणि त्याला सांभाळणारं माणूस यांच्यातल्या नात्याचा सिद्धांत मांडणाऱ्या जॉन बोल्बींच्या विचारांत मी वाढलेली, त्यामुळे मला इथं थांबावंच लागलं. पोर असो की पिल्लू, आपलं माणूस जवळ आहे याची खात्री असली की त्याला निर्धास्त झोप लागते. बाल्कनीत तो झोपत नव्हता, पहारा देत होता. आठव्या-नवव्या महिन्यात, नातं पुन्हापुन्हा चाचपून बघण्याच्या वयात, तर फारच.

"दुपारी घरात निवांत कोण असतं?" मी विचारलं.

सगळ्यांनी आजींकडे पाहिलं. पुण्यात एक ते चारच्या झोपेवर कितीही विनोद होवोत, मला त्या दिवशी ती संस्था फार थोर वाटली. आजींनी बराच वेळ वाती मोजल्या. "खाटेखाली चालेल," त्या म्हणाल्या, "खाटेवर नाही."

बाकीच्या सूचना मी भराभर दिल्या. पळणं बंद, हाडं अजून वाढताहेत. त्याऐवजी साडेपाचला सावकाश चक्कर, आणि वाटेत हुंगायचं तेवढं हुंगू द्यायचं. नाकाचं काम डोकं शांत करतं. साडेसहाला टीव्हीचा आवाज कमी, चघळायला काहीतरी. तरी उधळलाच तर मागे धावायचं नाही, ओरडायचं नाही, फक्त घसरणारी पायपुसणी उचलायची. अशा झूमीज, म्हणजे अचानक सुटलेलं उधळणं, बहुतेक कुत्र्यांना येतात, दोन-चार मिनिटांत ओसरतात. रोज ठरल्या वेळी येऊन दातांपर्यंत गेल्या तरच कारण शोधायचं. झोपलेल्या कुत्र्याला कुणीही, अगदी लाडानंसुद्धा, हात लावायचा नाही. सकाळी भिंतीकडे तोंड केलं तर करू द्यायचं. आणि बाबांसाठी वेगळं: दिवसातून पंधरा मिनिटं त्याच्याशेजारी नुसतं बसायचं, एकही आज्ञा न देता. हे त्यांना सगळ्यात जड गेलं.

पहिला आठवडा काही फरक नाही, उलट बाल्कनीचं दार ओरबाडून झालं. तिसऱ्या आठवड्यात सातचा धिंगाणा पाच मिनिटांवर आला. रविवारी तो अजूनही बाबांचं 'बस' न ऐकल्यासारखं करतो.

परवा चौकशीसाठी फोन केला, तो नेमका अडीचला. आजींनीच उचलला, कुजबुजत.

"हळू बोल गं. आत्ता कुठे डोळा लागलाय."

"झोपमोड केली का आजी? सॉरी."

"माझा नाही, त्याचा. चारनंतर कर."