वर्गात मुलांना शिकायची प्रेरणाच नसेल तर शिक्षकाने काय करावं?

तुम्ही लिहिलंय की सातवीचा वर्ग थंड बसून असतो, गोष्टी सांगून झाल्या, बक्षिसं लावून झाली, तरी मुलं हलत नाहीत. बक्षिसं वाचलं आणि राहवलं नाही.

१८ वर्षं गणित शिकवलं. माझ्या पहिल्या शाळेत एका ज्येष्ठ सरांनी वर्गावर्गात चांदण्यांचा तक्ता लावला होता. उत्तर बरोबर आलं की नावापुढे सोनेरी चांदणी. माझ्या वर्गातल्या एका मुलीच्या नावापुढे सहा महिने एकही नव्हती. सर म्हणायचे, "तिला इच्छाच नाही, मॅडम." इच्छा नसलेली मुलगी समास दोनदा आखत नाही. ही आखायची, गणित सुवाच्य उतरवून घ्यायची आणि फळ्यावर उत्तर येईपर्यंत पेन्सिलीला टोक करत बसायची.

एकदा वहीत डोकावले. १/२ + १/३ = २/५. वरच्यांची बेरीज वर, खालच्यांची खाली. छेद समान करायचा नियम पुन्हा सांगण्यात अर्थ नव्हता. कागदाची पट्टी दिली, सहा सारखे भाग पाडायला लावले. अर्ध्यासाठी तीन घरं रंगवली, तिसऱ्या हिश्शाची आणखी दोन. मग विचारलं, तुझं २/५ अर्ध्याहून मोठं की लहान? बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "लहान... पण अर्ध्यात तर आपण अजून घातलंय ना?" आणि स्वतःच खोडरबर उचललं. दुसऱ्या दिवशी कुणी न सांगता १/४ आणि १/३ ची बेरीज करून आणली. बारा घरांची पट्टी वहीत चिकटवलेली, खाली ७/१२.

मी काय केलं? उठून तक्त्यावर तिची चांदणी चिकटवली. अजून हळहळ वाटते. पुढच्या आठवड्यापासून दर उदाहरणाला एकच प्रश्न: "मॅडम, याला चांदणी आहे?" पट्ट्या बंद. इकडे स्टाफरूममध्ये सर सांगत होते, बघा, तक्त्याने पोरगी कशी मार्गाला लागली!

तेव्हा वाद घालायला हाताशी काही नव्हतं. लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांचा १९७३ सालचा प्रयोग फार उशिरा वाचला. बालवाडीतली, चित्रांची मुळातच आवड असलेली मुलं. काहींना आधी कबूल केलं की चित्र काढलंत तर सोनेरी शिक्क्याचं, रिबीन लावलेलं प्रशस्तिपत्र मिळेल. मिळालंही. एक-दोन आठवड्यांनी हीच मुलं चित्रांत इतरांच्या निम्माच वेळ रमली. सोनेरी शिक्का, सर!

तर तुमच्या प्रश्नाचं. आधी प्रेरणा, मग शिकणं हा क्रमच मला मान्य नाही. जमायला लागलं की गोडी लागते. थंड बसलेल्या मुलाची वही उघडा, गाडी नेमकी कुठल्या पायरीवर अडली ते शोधा. भाषणं नकोत. प्रेरणादायी तर मुळीच नकोत.

हां, त्याच प्रयोगात ज्यांना बक्षीस अचानक मिळालं त्यांची गोडी काही आटली नाही, हे सांगायला हवं. पाढ्यांसारख्या रटाळ कामाला नुसती सुरुवात करून द्यायला चांदणी चालेलही. तिथे आटायला गोडी असतेच कुठे? आणि उपाशी किंवा रात्रभर जागलेल्या मुलापुढे ना चांदणी चालते ना माझी पट्टी.

सर निवृत्त झाले तेव्हा निरोपाच्या भाषणात त्यांनी त्याच मुलीचं उदाहरण दिलं, तक्त्याचं यश म्हणून. मीही टाळ्या वाजवल्या.