बाईकचा कलर आणि सायलेन्सर बदलला तर आरसीवर नोंद करावी लागते का?

कलरची करावीच लागते, कारण आरसीवर कलर छापलेला असतो. काळी गाडी लाल करायची तर एमएच-०४ असेल तर ठाणे आरटीओत, एमएच-४३ असेल तर नवी मुंबईच्या, आधी मंजुरी घे मगच रंगव, आणि इन्शुरन्सवाल्यांनाही कळव. इंजिन बदलायचं तरी तसंच. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे ते, २०१९ ला सुप्रीम कोर्टानेही सांगितलंय की गाडीची रचना कंपनीच्या ओरिजिनल स्पेसिफिकेशनपेक्षा वेगळी करता येत नाही. प्रत्येक बेकायदा बदलाला ५ हजार दंड किंवा ६ महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. सीट कव्हर, मोबाईल होल्डरला काही लागत नाही.

फटाके फोडणारा सायलेन्सर मात्र लावूच नको, १० हजारापर्यंत दंड बसतो, लायसन्स ३ महिने जाऊ शकतं, आणि घोडबंदरला रात्री तो आवाज आला की आमच्याकडचं बाळ दचकून उठतं रे.